पावसाचा नकाशा चुकीचा उमटतो तेव्हा

ऑक्टोबरात हळवे भात कापून गोराई-मनोरीकडील शेतकरी ते खाचरात वाळत घालतो. पुढील दोन दिवस उघाड राहील की पाऊस येईल, एवढेच त्यास जाणून घ्यावयाचे असते. हवामान-प्रतिमानाची आकडेवारी संगणकावर उघडली म्हणजे पावसाचा रंगीत नकाशा दिसतो. परंतु तो पुष्कळदा विपरीत उमटतो आणि दोष मात्र अंदाजास लावला जातो. वस्तुतः अशा वेळी अनेकदा अंदाज ठीक असून तो दाखविण्याच्या रीतीत चूक असते. म्हणून शेतकऱ्यास सल्ला देण्यापूर्वी विस्तार कार्यकर्त्याने पुढील चार गोष्टी तपासून पाहाव्यात.

१. वेळ : प्रतिमानातील वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. नकाशावर १२ वाजलेले असतील, तर आपल्याकडे सायंकाळचे ५-३० झालेले असतात. हे ध्यानात न घेतल्यास सायंकाळची सर दुपारची वाटते व गोळा करून ठेवता आले असते असे भात भिजते. शिवाय आपल्या पर्जन्यमापकावरील दिवस सकाळी ८-३० ला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी ८-३० ला संपतो. नोंदीशी तुलना करताना जागतिक वेळेच्या ३ पासून ३ पर्यंतचाच पाऊस मोजावा.

२. परिमाण व बेरीज : पावसाचा आकडा सर्वत्र मिलिमीटरमध्ये नसतो. युरोपीय हवामान केंद्राच्या आकडेवारीत तो मीटरमध्ये असतो, तेथे ०.०६४५ म्हणजे ६४.५ मिलिमीटर, अर्थात जोरदार पाऊस. आकडा लहान दिसला म्हणून पाऊस नाही, असे समजू नये. तसेच काही प्रतिमाने आरंभापासूनची एकूण बेरीज देतात. सहाव्या तासास २० व बाराव्या तासास ५० मिलिमीटर दिसल्यास मधल्या सहा तासांतील पाऊस ३० मिलिमीटर होय.

३. रंगपट्टी : रंग आपोआप ठरू दिल्यास त्या दिवशीच्या सर्वाधिक आकड्यास सर्वांत गडद रंग मिळतो. मग ५ मिलिमीटरची सर आणि २०० मिलिमीटरची अतिवृष्टी सारखीच भासते. यासाठी रंगांच्या सीमा भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीप्रमाणे २.५, १५.६, ६४.५, ११५.६ व २०४.५ मिलिमीटर अशा कायम ठेवाव्यात. सारा नकाशा एकरंगी दिसल्यास माहिती नसलेल्या जागी भरलेला उणे ९९९९ सारखा आकडा वगळला गेला आहे की नाही, हे पाहावे.

४. जागा व चौकट : प्रथम किनाऱ्याची रेषा नकाशावर घालावी. अक्षांशांचा क्रम उलट वाचला गेल्यास दक्षिणेचा पाऊस उत्तरेस दिसतो. किनाऱ्याशी पडताळून पाहताच ही चूक बहुधा उघड होते. नंतर चौकटीचे माप पाहावे. मे २०२५ मध्ये ६ किलोमीटर चौकटींची भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली. तत्पूर्वीच्या प्रतिमानाची चौकट १२ किलोमीटरांची होती. एवढ्या मोठ्या चौकटीत अंधेरी व घाटकोपर एकत्र येऊ शकतात, आणि बोरिवली-मुलुंडमधील कान्हेरीचे डोंगर सपाट झाल्यासारखे होतात. सॉफ्टवेअर चौकटींच्या कडा पुसून रंग एकमेकांत मिसळते. त्यामुळे नकाशा गुळगुळीत व अचूक भासतो, पण माहिती वाढलेली नसते. हे मिश्रण बंद करून मूळ चौकटी पाहाव्यात.

चौकटीचे महत्त्व २६ जुलै २००५ च्या पावसाने दाखवून दिले. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर पंचवीस किलोमीटरांच्या आतील कुलाब्यास अवघा सुमारे ७४ मिलिमीटर. तेव्हा एका रंगावरून एका शेताचे भाकीत करू नये.

या चार गोष्टी पाहूनच शेतकऱ्यास सल्ला द्यावा. शंका उरल्यास सांताक्रूझ वेधशाळेच्या मागील दिवसाच्या नोंदीशी त्याच दिवसाचा नकाशा ताडून पाहावा, आणि तोवर कापलेले भात झाकून ठेवण्यास सांगावे. झाकण्याचे श्रम थोडे असतात. भिजलेल्या दाण्यास कोंब फुटल्यावर मात्र उपाय उरत नाही.