नंदभाषा आणि उद्योगातील गुपिते

उद्योगसंस्थेची गुपिते राखण्याचा प्रश्न सामान्यतः अभियंत्यांचा व वकिलांचा मानला जातो. परंतु चोरून ऐकणाऱ्याच्या हाती प्रथम लागते ते भाषाच, आणि म्हणून या प्रश्नाची एक बाजू आपल्या शास्त्राकडे येते. नंदभाषेच्या उदाहरणावरून ती स्पष्ट होईल.

नंदभाषा ही महाराष्ट्रातील व्यापारी व दलाल यांची सांकेतिक बोली. गिऱ्हाइकाच्या देखत भाव बोलावयाचा, पण त्यास तो कळू द्यावयाचा नाही, ही तिच्यामागील गरज. तीत एकास केवली, दोहोंस अवारू, तिहींस उधानू, चोहोंस पोकू आणि रुपयास भुरका म्हणत. बदलले ते एवढे शब्दच. प्रत्यय, क्रियापदे व वाक्यरचना मराठीच राहिली. साहजिकच, जो चार सौदे लक्षपूर्वक ऐकेल आणि अखेरीस किती रुपये मोजले जातात ते पाहील, त्यास अंक उमगण्यास फारसा वेळ लागू नये. मोल्सवर्थच्या कोशात तर हे शब्द अर्थासह छापलेच गेले. कोशकाराने भाषेची सेवा केली खरी, दलालांची नव्हे!

ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषांच्या अध्यापकाने १८८३ साली सैनिकी गुप्तलेखनावरील निबंधात असे प्रतिपादिले, की पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुपित किल्लीत असावे व किल्ली हवी तेव्हा बदलता यावी. (याच गृहस्थांनी पुढे व्होलाप्यूक या जागतिक भाषेचा हिरिरीने प्रचार केला, ही एक मौजच.) नंदभाषेस अशी किल्ली नव्हती. एकदा फुटली की ती कायमची फुटली.

नव्या प्रकल्पास टोपणनाव देऊन निश्चिंत होणारी कंपनी हीच चूक करते. नाव सांकेतिक, पण त्याच्या आगेमागे यंत्रे, माल पुरविणारे, निविदेची तारीख, सारे उघड मराठीत किंवा इंग्रजीत. संदर्भच अर्थ सांगून टाकतो. यात केवळ नफ्याचा प्रश्न नाही. १९९५ पासून अमलात असलेल्या ट्रिप्स कराराचे ३९ वे कलम, गुपित राखण्यासाठी धारकाने वाजवी उपाय योजले असतील तरच त्यास संरक्षण देते.

गुरांच्या बाजारातील रुमालाखालची बोटांची रीत मला या दृष्टीने अधिक शहाणपणाची वाटते. तेथे ध्वनीच नाही. आणि बोट शेकड्याचे की हजाराचे, हे सौदा करणारे दोघेच जाणतात. निविदेची रक्कम बैठकीत न उच्चारता कागदावर दाखवून तो कागद लगेच परत घेणे, हे तिचेच आजचे रूप होय.