मोरीला बोळा, दरवाजा उघडा?

महागाईची झळ लागली, की मध्यमवर्गीय घरात पहिली कुऱ्हाड कोसळते ती वर्गणीवर. दूध बंद करता येत नाही, मुलांची फी चुकत नाही, बँकेचा हप्ता थांबत नाही. मग उरले कोण? सकाळचे वर्तमानपत्र, वाचनालय आणि मोबाईलवर चित्रपट-गाणी पुरविणाऱ्या कंपन्यांची ती महिन्याची आकारणी. 'शंभर-दीडशे म्हणजे किरकोळ' असे म्हणत आपण या वर्गण्या घेतो आणि 'थेंबे थेंबे तळे साचे' असे म्हणत त्या बंद करतो! पण त्याने घरखर्च खरोखर उतरतो का?

सांगलीच्या विश्रामबागेतील माझ्या एका स्नेह्यांनी हा प्रयोग करून पाहिला. पाचांपैकी तीन वर्गण्या त्यांनी तोडल्या. त्यांत वर्तमानपत्र आणि वाचनालय आघाडीवर. महिन्याला साडेचारशे रुपये वाचले म्हणून स्वारी खूष! सहा महिन्यांनी वहिनींनी हिशेबाची वही पुढे ठेवली. "अहो, साडेचारशे वाचतात म्हणता, मग गेले कुठे? शिल्लक तर होती तेवढीच आहे." उत्तर वहीतच होते. वाचनालयाची संध्याकाळची फेरी चुकली आणि त्या मोकळ्या वेळात मंडळी गाडीवरची भेळ खायला बाहेर पडू लागली होती.

हे एकाच घराचे नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत शहरातील माणशी मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये निघाला. चौघांच्या घराला धरा सुमारे २८,०००. त्यातले शेकडा ११ पेये, फराळ आणि तयार खाण्यावर जातात, म्हणजे तीन हजारांच्या वर. आणि शेकडा साडेआठ प्रवासावर, म्हणजे आणखी तेवीसशे-चोवीसशे. या हिशेबात साडेचारशे रुपये शेकडा दीडच्या आसपास भरतात. मोरीला बोळा घालून दरवाजा उघडा टाकावा, तशातलाच हा प्रकार!

कोणती तोडावी?

म्हणून वर्गण्या तोडूच नयेत, असे नाही. जी वापरात नाही, ती जरूर तोडावी. खरा चोर म्हणजे आपोआप कापली जाणारी रक्कम. वर्तमानपत्राचे बिल घेऊन माणूस दारात येतो, तेव्हा निदान विचार तरी होतो. खात्यातून परस्पर जाणारे दीडशे रुपये कुणाच्या डोळ्यांवर येतात? रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून अशी रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना देणे बँकांना बंधनकारक झाले. तो संदेश न वाचता पुसून टाकू नये. गेल्या महिन्यात घरातल्या कुणी ते ॲप उघडलेच नसेल, तर निरोपाची हीच वेळ.

आणि वाचलेला पैसा त्याच दिवशी बाजूला काढावा. पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून सुरू होते. साडेचारशेचे पाच वर्षांत, व्याज सोडूनही, २७,००० होतात. तसे न केल्यास ते भेळेत जातात, हे वहिनींच्या वहीने सिद्ध केलेच आहे.

भाडे आणि वर्गणी

मात्र सगळ्या वर्गण्या एका यादीत घालू नयेत. चित्रपटाच्या ॲपला आपण देतो ते खरे पाहता भाडे. 'वर्गणी' म्हणजे चारचौघांनी मिळून एखादे काम उभे करण्यासाठी घातलेला आपापला वाटा. आपल्या भागाला हा अर्थ चांगला ठाऊक आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले, पुढे १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. एका कारखान्याच्या वसाहतीतली ही मासिके महाराष्ट्रभर घरोघर गेली, ती वर्गणीदारांच्या बळावर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांसाठी घरोघरच्या बायका जात्यावर बसताना मूठभर धान्य बाजूला काढीत, तोच मुष्टिफंड. त्या मुठीने कुणाचा संसार उघड्यावर पडला नाही. पोरे मात्र शिकली.

सातारा आणि सांगली, दोन्ही गावांची नगरवाचनालये एकोणिसाव्या शतकापासूनची. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या वाचनालयातील हजारो पुस्तके पाण्यात गेली. पूर ओसरतो आणि लोक पुन्हा पुस्तके जमवू लागतात. पण वर्गणीदार एकेक करून गळू लागले, तर ती गळती कुणाच्या ध्यानातही येत नाही. एकाच कार्डावर आजोबांचे चरित्र, आईची कादंबरी आणि मुलांची गोष्टीची पुस्तके घरात येतात. एवढे मिळून महिन्याकाठी पडते एक-दोन मिसळींच्या किमतीइतके! घरात याहून स्वस्त करमणूक दुसरी कोणती आहे, ते वाचकांनीच सांगावे.

यंदा लक्ष्मीपूजनाला वही उघडाल, तेव्हा दोन रकाने पाडा. एकात भाडी, दुसऱ्यात वर्गण्या. काट मारायची ती पहिल्या रकान्यापासून. आणि त्याआधी, बाहेरच्या खाण्याची बेरीज एकदा मांडून पाहा.