भाव कळला, पुढे काय?

शेतमालाच्या विक्रीत मोबाइल शिरला, त्याला दीड तप उलटून गेलं. २००७ साली रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा महाराष्ट्रात सुरू झाली आणि बाजारभाव, हवामान, पीकसल्ला एसएमएसने शेतकऱ्याच्या खिशात येऊ लागला. त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा केरळच्या मच्छीमारांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किनाऱ्यावर मोबाइल पोचल्यावर नौका समुद्रातूनच बंदरांचे भाव विचारू लागल्या, गिऱ्हाइकाअभावी फेकून द्यावे लागणारे मासे जवळपास संपले, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकालाही मासे ४ टक्के स्वस्त मिळाले. हेच शेतीत होईल, अशी आशा तेव्हा वाजवी होती. मात्र फाफशॅम्प्स आणि मिंटन या अर्थतज्ज्ञांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत ही एसएमएस सेवा तपासली, तेव्हा शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावात सरासरीने दखल घ्यावी असा फरक आढळला नाही.

फरक का पडला नाही, याचं उत्तर मोबाइलपेक्षा टेम्पोत सापडतं. नौका मच्छीमाराच्या ताब्यात असते, सुकाणू वळवलं की बंदर बदलतं. टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजाराकडे निघालेल्या टेम्पोत मात्र एकाचे बारा क्रेट, दुसऱ्याचे वीस, आणि भाडं सगळ्यांत वाटलेलं. पुण्यात भाव जास्त आहे हे कळलं, म्हणून बारा क्रेटसाठी वेगळी गाडी परवडत नाही. त्यात हंगामाच्या तोंडावर बियाण्या-औषधाला अडत्याकडून उचल घेतलेली असेल, तर माल कोणत्या गाळ्यावर उतरणार हे लागवडीच्या दिवशीच ठरलेलं असतं. नुसत्या माहितीने ही गाठ सुटत नाही.

पुढे २०१६ साल आलं. एप्रिलमध्ये ई-नाम हा केंद्राचा ऑनलाइन कृषी बाजार सुरू झाला, पावसाळ्यात राज्याने फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. थेट विक्रीला कायद्याची आडकाठी उरली नाही, पण शहरातलं गिऱ्हाईक घरोघर विखुरलेलंच राहिलं. ते एकत्र आलं २०२०च्या टाळेबंदीत, आणि तेही कुठल्या महागड्या अ‍ॅपने नव्हे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आदल्या रात्री यादी पडायची, तेवढाच माल तोडला जायचा आणि सकाळी फाटकाशी टेम्पो लागायचा. नाशिकची द्राक्षं आणि कोकणचा हापूस अशाच वाटांनी घरांत पोचला. या सगळ्या वर्षांतला खरा धडा मला इथे दिसतो: भावाची बातमी शेतापर्यंत नेण्यापेक्षा मागणीची बेरीज करून, तीही तोडणीआधी, शेतापर्यंत नेणं जास्त उपयोगी पडलं.

यावर पहिला आक्षेप असा की बाजार उघडले आणि बरेचसे लोक कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे परतले. खरं आहे. सवय मोडायला टाळेबंदी लागली, टिकवायला दुसरं काही लागेल. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. अडत्या लहान-मोठा, डागी, सगळा माल उतरवून घेतो, पट्टी करतो, अडीनडीला पैसे देतो. सोसायटीला मात्र एकसारखे लाल टोमॅटोच हवेत. मग उरलेल्या मालाचं काय? थेट विक्रीच्या उत्साहात या प्रश्नाला बगल दिली गेली. पण म्हणून ती वाट चुकीची ठरत नाही, अपुरी ठरते. खानावळी, वसतिगृहांची भोजनगृहं, हॉटेलं, सॉस-लोणच्याचे छोटे कारखाने यांना टोमॅटोच्या दिसण्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्यांची आठवड्याची गरज तालुक्याच्या शेतकरी उत्पादक कंपनीपर्यंत आधी पोचली, तर डागी क्रेटलाही पत्ता मिळतो. अडत्याला हटवण्याची भाषा त्यासाठी लागत नाही, निम्मा माल त्याच्याकडे गेला तरी चालेल.

तेव्हा सोसायटीचा जुना गट अजून फोनमध्ये असेल, तर पुढची यादी तोडणीच्या आदल्या रात्री टाका, आणि तिच्यात दोन किलो बारीक टोमॅटोही लिहा.