गळाच्या आमिषासाठी माशांच्या अंड्यांचे खारवण व परिरक्षण : सॅमन माशाचा अनुभव आणि केळापूर परिसर

गोषवारा

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांमध्ये सॅमन माशाची खारवलेली अंडी गळाचे आमिष म्हणून मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. प्रस्तुत लेखात या अंड्यांच्या परिरक्षणाची कृती, तिच्यामागील रसायनशास्त्रीय व सूक्ष्मजीवशास्त्रीय तत्त्वे आणि परिरक्षकांचे जलजीवांवर होणारे परिणाम यांचे विवेचन केले आहे. त्याच तत्त्वांच्या आधारे केळापूर तालुक्यासारख्या उष्ण प्रदेशात रोहू, कटला इत्यादी माशांच्या गाबोळीचा असा उपयोग कितपत शक्य व कितपत इष्ट आहे, याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : गाबोळी, खारवण, जलक्रियता, परिरक्षक, सल्फाइट, मत्स्यबीज.

१. प्रस्तावना

मासा गळाला लागावा यासाठी गळावर जे खाद्य लावतात, त्यास आमिष म्हणतात. आपल्याकडे गळ अथवा गरी टाकणारा मनुष्य गांडूळ, कणकेचा गोळा किंवा झिंगा वापरतो. ही आमिषे त्या त्या दिवशी मिळवायची व त्याच दिवशी संपवायची असल्याने ती टिकविण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. सॅमनच्या अंड्यांची गोष्ट वेगळी आहे. ती वर्षातील थोड्याच आठवड्यांत उपलब्ध होतात, परंतु त्यांचा उपयोग वर्षभर करावयाचा असतो. त्यामुळे त्यांच्या परिरक्षणाचे एक स्वतंत्र तंत्रच विकसित झाले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मुंबई-कोकणातील रावस माशाला इंग्रजीत 'इंडियन सॅमन' म्हणण्याची पद्धत असली, तरी रावस हा सर्वस्वी वेगळ्या कुळातील मासा होय. खऱ्या सॅमनच्या कुळातील ट्राउट हे मासे भारतात काश्मीर, हिमाचल प्रदेश, निलगिरी अशा थंड पाण्याच्या प्रदेशांत बाहेरून आणून सोडण्यात आले. विदर्भाच्या पाण्यात ते जगू शकत नाहीत. असे असूनही खारवणाची तत्त्वे सार्वत्रिक असल्याने हा विषय येथील प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र व गृहविज्ञान या तिन्ही शाखांच्या अभ्यासकांना उपयुक्त ठरेल असे वाटते.

२. अंडी हे आमिष का ठरते ?

सॅमनची मादी नदीच्या तळाशी वाळू-गोट्यांत खळगा करून अंडी घालते. त्यांतील काही अंडी प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि खालच्या अंगाला थांबलेले ट्राउटसारखे मासे ती टिपतात. म्हणजे अंडे हे या माशांचे नैसर्गिक खाद्यच आहे. अंडी प्रथिने व मेद यांनी समृद्ध असतात. पाण्यात त्यांचा रस हळूहळू झिरपतो व त्याच्या गंधाने मासे आकृष्ट होतात. अंड्यांचा नारिंगी-तांबडा रंग ॲस्टाझँथिन या कॅरोटीनवर्गीय रंगद्रव्यामुळे येतो. हे द्रव्य सॅमनला समुद्रातील कवचधारी जीवांच्या आहारातून मिळते.

चांगल्या आमिषाकडून म्हणूनच तीन अपेक्षा असतात : अंडे गळावर टिकण्याइतके चिवट असावे, पाण्यात रस सोडण्याइतके मऊ असावे, आणि त्याचा रंग व गंध बिघडलेला नसावा. परिरक्षणाच्या तंत्राने या तिन्ही अपेक्षा एकाच वेळी साधावयाच्या असतात.

३. खारवणाची कृती व तिच्यामागील शास्त्र

पहिली पायरी मासा पकडताक्षणीच सुरू होते. माशाचे कल्ले कापून रक्त वाहू दिले जाते, कारण रक्त लवकर कुजते व अंडी काळी पाडते. त्यानंतर अंड्यांची लड पडद्यासकट अलगद काढून तिच्यावरील शिरांतील उरलेले रक्त पुसून काढतात. गोड्या पाण्यात ती धुण्याचे टाळतात. पूर्ण पक्व होऊन सुटी झालेली अंडी आमिषास तितकीशी सोयीची नसतात, पडद्याला घट्ट बिलगलेली अंडी अधिक उपयुक्त ठरतात.

लडीचे गळास साजेसे तुकडे करून त्यांवर कोरडे मिश्रण भुरभुरतात. साध्या मिश्रणात मीठ व साखर असते. बाजारी मिश्रणात त्यांखेरीज टाकणखार, सल्फाइट व रंग यांचाही समावेश आढळतो. मिश्रण लावल्यावर थोड्याच वेळात अंड्यांतून पाणी सुटू लागते व ती सुकल्यासारखी दिसतात. भांड्याच्या तळाशी रस साठतो. हा रस टाकून द्यावयाचा नसतो. साधारणतः एक दिवसाच्या अवधीत अंडी तो रस पुन्हा शोषून घेतात व फुगतात. त्यानंतर ती निथळून, हवेशीर जागी थोडी सुकवून बरणीत भरली जातात.

या घडामोडींचे मूळ परासरणात आहे. बाहेरील मिठाची संहती अधिक असल्याने अंड्यातील पाणी बाहेर येते. पुढे मीठ अंड्यात शिरते, दोन्ही बाजूंच्या संहतीत समतोल येऊ लागतो आणि पाण्याचा ओघ उलट होतो. मिठामुळे प्रथिनांचे स्वरूप बदलून कवच चिवट होते. साखर ओलावा धरून ठेवते व अंडे दगडासारखे कठीण होऊ देत नाही. लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटते, हा आपल्या घरातील अनुभव याच तत्त्वाचा होय.

४. टिकाऊपणाची मर्यादा

पदार्थातील सूक्ष्मजीवांना वापरता येण्याजोग्या पाण्याचे माप म्हणजे जलक्रियता. ताज्या माशाची जलक्रियता ०.९९ च्या आसपास, तर मिठाच्या संपृक्त द्रावणाची सुमारे ०.७५ असते. बहुतेक जिवाणूंची वाढ ०.९१ च्या खाली थांबते. सुके बोंबील किंवा सुकट कोरड्या जागी दीर्घकाळ टिकतात याचे कारण त्यांची जलक्रियता फार खाली उतरलेली असते.

आमिषाची अंडी मात्र इतकी सुकवून चालत नाहीत, कारण मग ती रस सोडणार नाहीत. मीठ लावल्याने नासण्याची गती मंदावते, थांबत नाही. म्हणून खारवलेली अंडी शीतकपाटात ठेवावी लागतात, आणि काही आठवड्यांहून अधिक काळ ठेवावयाची झाल्यास गोठवावी लागतात. ताजी अंडी गोठविल्यास आत बर्फाचे स्फटिक होऊन कवच फुटते. खारवलेल्या अंड्यांत मुक्त पाणी कमी असल्याने ती गोठणे अधिक चांगले सोसतात. हवा काढून घेतलेल्या पाकिटात मेदाचे ऑक्सिडीकरण कमी होते व खवट वास येत नाही.

एक धोका येथे स्पष्टपणे नोंदविला पाहिजे. घट्ट झाकणाच्या बरणीत, प्राणवायूच्या अभावी, क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हा विषोत्पादक जिवाणू वाढू शकतो. माशांशी निगडित असलेला त्याचा 'ई' प्रकार सुमारे ३ अंश सेल्सिअस इतक्या कमी तापमानातही वाढतो. अलास्कातील मूळ रहिवाशांमध्ये आंबविलेल्या सॅमन-अंड्यांमुळे या विषबाधेच्या घटना घडलेल्या आहेत. सबब आमिषाची बरणी खाद्यपदार्थांपासून वेगळी ठेवणे, तिच्यावर ठळक चिठ्ठी लावणे व हाताळणीनंतर हात धुणे अनिवार्य समजावे.

५. परिरक्षक : टिकाऊपणा कोणाच्या किमतीवर ?

सल्फाइट हे ऑक्सिडीकरण रोखते, सूक्ष्मजीवांना आवर घालते व रंग उजळ ठेवते. फळांच्या सरबतात आपण घालतो ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट याच कुळातील होय. टाकणखार बुरशी व जिवाणू यांना रोखतो आणि अंडी घट्ट करतो. युरोपीय संघात स्टर्जन माशाच्या खाद्य अंड्यांसाठी बोरिक आम्ल व टाकणखार यांना किलोमागे ४ ग्रॅमपर्यंत मुभा आहे. आपल्याकडे मात्र सर्वसाधारण खाद्यपदार्थांत टाकणखार मिसळण्यास परवानगी नाही.

आमिष माणसाने खावयाचे नसल्यामुळे त्यात काय मिसळले याची चिकित्सा दीर्घकाळ झाली नाही. २०१० च्या सुमारास अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात केलेल्या अभ्यासात मात्र असे आढळले की, काही बाजारी मिश्रणांत खारवलेली अंडी खाल्ल्याने सॅमन कुळातील लहान पिले दगावतात, आणि त्यास मुख्यतः सोडियम सल्फाइट कारणीभूत आहे. गळापर्यंत मोठा मासा येण्यापूर्वी पिलेच अंडी टोचून खातात. ज्या माशाच्या वाढीवर मासेमारी अवलंबून आहे, त्याच्याच पुढील पिढीला आमिष मारक ठरत होते. या निष्कर्षांनंतर मिश्रणांतील सल्फाइट कमी करण्याच्या दिशेने प्रयत्न झाले.

दुसरा प्रश्न रोगप्रसाराचा. २००५ मध्ये उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत व्हीएचएस हा माशांचा विषाणुजन्य रोग आढळल्यावर तेथे आमिषाच्या ने-आणीवर निर्बंध आले. मीठ लावले म्हणजे रोगजंतू नष्ट झालेच, असे गृहीत धरता येत नाही.

६. केळापूर परिसराचा संदर्भ

केळापूर तालुक्याच्या दक्षिणेस पैनगंगा नदी असून तिच्या पलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा आहे. नदी, नाले, तलाव व सायखेड्यासारखे जलाशय यांमुळे येथे मासेमारीस वाव आहे. तथापि सॅमनचे तंत्र येथे जसेच्या तसे लागू करता येत नाही. त्याची कारणे तीन.

पहिले कारण अंड्याच्या आकाराचे. सॅमनचे अंडे ६ ते ९ मिलिमीटर व्यासाचे असते व एकेक अंडेही गळावर टोचता येते. रोहूचे अंडे पाण्यात फुगण्यापूर्वी दीड मिलिमीटरच्या आसपास असते. त्यामुळे गाबोळीचा तुकडा पडद्यासकट खारवून विरळ जाळीच्या पुरचुंडीतच बांधावा लागेल. दुसरे कारण माशांच्या आहाराचे. कटला पृष्ठभागावरील सूक्ष्म जीव, रोहू प्रामुख्याने वनस्पतिजन्य पदार्थ, तर मृगळ तळाचा गाळ-कुजका पदार्थ खातो. त्यांना कणीकच अधिक मानवते. गाबोळीचा उपयोग झाला तर मरळ, शिवडा, शिंगाळा अशा मांसाहारी माशांसाठीच होईल. तिसरे कारण तापमानाचे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या प्रदेशात अर्धवट खारवलेली अंडी थंडीविना एक दिवसही भरवशाची राहणार नाहीत.

याहून महत्त्वाचा मुद्दा गाबोळी कोठून आणावी हा आहे. भारतीय प्रमुख कार्प मासे पावसाळ्यात वाहत्या, पूर आलेल्या पाण्यात अंडी घालतात. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे लाखांवर अंडी बाळगते. जून-जुलैत नदीच्या चढणीवर पकडलेली गाभोळी मादी म्हणजे त्या नदीची एक संभाव्य पिढीच होय. याउलट तलावात संवर्धन केलेल्या कार्पमध्ये अंडी पक्व होतात, पण स्थिर पाण्यात ती घातली जात नाहीत व अखेर शरीरातच जिरतात. कटक येथे १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी व के. एच. अलिकुन्ही यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने कार्पचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले ते याच अडचणीवर मात करण्यासाठी. अर्थात बाजारात कापल्या जाणाऱ्या तलावातील माशाची गाबोळी आमिषासाठी घेतल्यास निसर्गातील बीजाची हानी होत नाही. नदीतील मादीची घेतल्यास ती निश्चित होते.

७. निष्कर्ष

अंड्यांचे खारवण हे मीठ, पाणी व थंडी यांच्या मेळाचे शास्त्र आहे. त्यातील मीठ-साखरेची साधी कृती पुरेशी असून सल्फाइट व टाकणखार येथील पाण्यात नेण्याचे कारण दिसत नाही. भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ ने पाण्यात विष टाकून मासे मारण्यास मनाई केली. आमिषातील रसायनांबाबतही तोच विवेक हवा.

महाविद्यालयीन स्तरावर यातून एक अल्पखर्चिक प्रकल्प हाती घेता येईल. तलावातील रोहूची बाजारातून आणलेली गाबोळी मिठाच्या वेगवेगळ्या प्रमाणांत खारवून वजनातील घट, पुन्हा शोषलेला रस, वास व बुरशीची वाढ यांच्या दैनंदिन नोंदी विद्यार्थी ठेवू शकतील. खाद्यपदार्थ किती दिवस टिकला हे पाहून भागते. आमिष मात्र शेवटी नदीत जाते, म्हणून त्याच्या परिरक्षणाची कसोटी बरणीबरोबरच नदीतही लागते, ही जाणीव अशा प्रकल्पातून रुजावी.