जुन्या स्पोर्ट्स कारचा भाव: ऐकीव आणि खरं

सुलतानपूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, गोव्यात एक सॅन स्टॉर्म सापडलीय. लाल, दोन दारांची. अशा गाड्या बनल्याच किती? तो मागतोय तेवढा भाव असणारच ना?"

पहिला गैरसमज इथेच आहे. दुर्मिळ म्हणजे महाग नव्हे. सॅन स्टॉर्म १९९८ मध्ये आली. बॉडी फायबरची, इंजिन रेनोचं, ११४९ सीसी. ती रस्त्यावर क्वचित दिसते हे खरं, पण तिचं गिऱ्हाईकही क्वचितच भेटतं. फेरारी २५० जीटीओ जेमतेम ३६ बनल्या आणि त्यातली १९६२ची एक २०१८ मध्ये लिलावात सुमारे ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. पण ती शर्यती जिंकलेली गाडी होती, आणि तिच्यासाठी जगभरचे श्रीमंत बोली लावायला बसले होते. घेणारे किती, यावर भाव ठरतो.

जाहिरातीतल्या आकड्यावरही जाऊ नये. तो मागितलेला आकडा असतो, सौदा कितीला तुटला ते त्यात नसतं. म्हणून तशाच गाड्या खरोखर विकलेल्या दोघा-तिघांशी बोलावं. "मी हिच्यावर इतके लाख घातले" हेही मालक मनापासून सांगतो, पण घातलेला पैसा भावात तसाच्या तसा उतरत नाही.

रंगाचं मात्र सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथेच फसतात. पत्र्याची जुनी गाडी बघायला जाताना मी मऊ फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक खिशात ठेवतो. एकदा एका डुक्कर फियाटला (पुढच्या नाकाडामुळे मुंबईने दिलेलं नाव) तो दाराच्या खालच्या कडेला लावला. बाकी दारावर घट्ट बसणारा चुंबक तिथे हात सोडताच खाली पडला. चकचकीत रंगाखाली पत्रा उरलाच नव्हता, नुसती पुट्टी होती.

फायबरवर चुंबक चालत नाही. मग लोक म्हणतात, फायबरला गंज नाही, म्हणजे बॉडीची काळजी नाही. गंज खालच्या लोखंडी चौकटीला लागतो, आणि गोव्याची खारी हवा त्याला पोसते. गाडी जॅकवर घेऊन, बॅटरी मारून चौकटीचे जोड बघायला हवेत. आपल्या बुलढाण्याच्या कोरड्या हवेत लोखंड टिकतं, पण उन्हाने रबर आणि बीडिंग तडकतं, उभ्या गाडीची वायरिंग उंदीर कुरतडतात. असा सुटा भाग मिळेल का, कितीला मिळेल, हे आधी विचारून ती रक्कम भावातून वजा करावी.

आता कागद. जुनी गाडी म्हटली की 'व्हिंटेज नंबर मिळेल' असं भाचाही म्हणाला. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार तो व्हीए मालिकेचा नंबर ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या, धंद्यासाठी न वापरलेल्या गाडीलाच मिळतो. मिळाला तरी ती रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा मोजक्या कामांपुरतीच निघते. सॅन स्टॉर्म त्यात बसतच नाही. तिला गोव्याची एनओसी, आपल्याकडचा रोड टॅक्स, एमएच-२८ची नोंदणी, १५ वर्षांवरची म्हणून नूतनीकरण आणि पर्यावरण कर हे सगळं लागणार. शिवाय कॅरियरवर घालून सुलतानपूरपर्यंत आणायचं भाडं. हा खर्च धरल्यावर स्वस्त वाटलेली गाडी तशी राहत नाही.

मी त्याला सांगितलं, आधी चासी नंबरवर पातळ कागद ठेव, पेन्सिल आडवी घास आणि उमटलेले आकडे आरसीशी जुळव. इंजिन नंबरही बघ. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल, तर तिथेच थांब.

काल त्याने फोटो पाठवले. दोन्ही नंबर जुळले. चौकटीचा फोटो मी पुन्हा मागवलाय, मागच्या चाकाजवळच्या जोडावर तपकिरी पापुद्रा दिसतोय.