पेरू देशांतील अन्न आणि पेयें



‘पेरू’ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम फळ उभें राहतें. आज मला बोलावयाचें आहे तें त्या नांवाच्या देशांतील खाण्यापिण्याविषयीं. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील या देशीं जाणारा प्रवासी इंका राजांचे पडके वाडे पाहून परततो. परंतु तेथील लोकांनीं निसर्गाशीं झगडून जें ज्ञान मिळविलें, तें दगडांत आहे तितकेंच ताटांतही आहे.

या देशाचे तीन पट्टे आहेत : समुद्रकांठीं रुक्ष वाळवंट, मध्यें अँडीज पर्वताच्या रांगा, आणि पलीकडे ॲमेझॉनचें घनदाट अरण्य. किनाऱ्यालगत थंड पाण्याचा हंबोल्ट प्रवाह वाहतो; त्यामुळें जमिनीवर पाऊस जवळजवळ नाहीं, पण समुद्रांत मासळी उदंड. म्हणून राजधानी लिमा येथील मानाचा पदार्थ ‘सेविचे’ हा होय. ताज्या मासळीचे तुकडे लिंबाचा रस, मीठ, कांदा आणि मिरची यांत थोडा वेळ ठेवतात. चुलीचा स्पर्शही न होतां आम्लानें ते पांढरे व घट्ट होतात. सोबत उकडलेलें रताळें आणि टपोऱ्या दाण्यांचा मका वाढतात. यांतील मासळी, मिरची, रताळें व मका त्या भूमीचे. लिंबू व कांदा स्पॅनिश लोकांनीं आणले. २०२३ सालीं युनेस्कोनें या पदार्थाची मानवजातीच्या वारशांत नोंद केली. मात्र आम्लानें सर्वच रोगजंतू मरत नाहींत. तेव्हां जेथें गिऱ्हाइकांची वर्दळ असेल अशाच ठिकाणीं, आणि तेथील रिवाजाप्रमाणें दुपारींच, तो खावा.

आतां पर्वतावर चढूं. कुस्को शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ३,४०० मीटर उंचावर आहे. हा बटाट्याचा मूळ प्रदेश. जांभळे, तांबडे, पिवळे, वेडेवांकडे असे बटाट्याचे हजारों वाण अँडीजमध्यें आहेत, आणि १९७१ सालीं लिमा येथें स्थापन झालेलें आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र त्यांचें जतन करीत आहे. आपल्या उपासाच्या ताटांतील बटाटा, मिरची आणि शेंगदाणे या तिन्ही वस्तु मूळच्या अमेरिका खंडांतल्या. ‘बटाटा’ हें नांव तर आपणांस पोर्तुगिजांकडूनच मिळालें.

पण या पर्वतवासियांची खरी बुद्धि ‘चुन्यो’ नांवाच्या वाळविलेल्या बटाट्यांत दिसते. जून-जुलै हा तेथील हिवाळा. त्या दिवसांत रात्रीं बटाटे उघड्या माळावर पसरतात. ते कडाक्याच्या थंडीनें गोठतात. दिवसां उन्हानें सैल पडले म्हणजे पायांनीं तुडवून त्यांतील पाणी काढतात. असें कांहीं दिवस केलें कीं, हलका, काळपट आणि खड्यासारखा कठीण गोळा उरतो. तो वर्षानुवर्षें टिकतो. उंचावरच्या कडू बटाट्यांतील अपायकारक अंशही या क्रियेनें बराच कमी होतो. इंकांच्या कोठारांत हा सांठा असे, आणि पीक बुडालें तरी प्रजेला आधार राही. आजही गरीब शेतकऱ्याची भिस्त त्यावर आहे. रश्शांत तो आला तर रूप पाहून नाक मुरडूं नये. तो दुष्काळावरचा उपाय आहे.

आज या विद्येवरच संकट आलें आहे. हवेची उष्णता वाढत असल्यानें पिसाक गांवाजवळील ‘बटाटा उद्याना’तील शेतकरी आपले वाण पूर्वीपेक्षां अधिक उंचावर लावूं लागले आहेत. परंतु डोंगरालाही शेवट असतो. त्यापुढें शेत चढणार कोठें?

सणासुदीला तेथें ‘पाचामांका’ करतात. खड्ड्यांत तापलेले दगड, त्यांवर मांस, बटाटे, मका व सुगंधी पाला घालून वर माती लोटतात. ‘कुई’ म्हणजे भाजलेला गिनीपिग हेंही मेजवानीचें अन्न. शाकाहारी मनुष्यानें मक्याचें कणीस व चीज मागावें, अथवा उकडलेल्या बटाट्यावर चीज आणि पिवळ्या मिरचीचा दाट रस घातलेला ‘पापा आ ला वांकायना’ अंड्यावांचून मागावा.

पेयांत ‘चिचा’ प्रमुख. मक्याला मोड आणून, उकळून व आंबवून ती करतात. खेड्यांत दारावर काठीला लाल फडकें बांधलेलें दिसलें म्हणजे तेथें ताजी चिचा आहे असें समजावें. पिण्यापूर्वीं चार थेंब धरणीमातेला, त्यांच्या ‘पाचामामा’ला, अर्पण करतात. मद्य वर्ज्य असणारांस जांभळ्या मक्याचें, दालचिनी-लवंगा घातलेलें ‘चिचा मोरादा’ आहे. उंचावर डोकें दुखूं लागल्यास कोकाच्या पानांचा काढा देतात. पण तीं पानें तेथें कायदेशीर असलीं तरी भारतांत आणणें गुन्हा आहे, हें विसरूं नये.

प्रवाशानें परक्या ताटापुढें बसतांना ‘हें कसें लागतें?’ याबरोबरच ‘हें असें कां करतात?’ हाही प्रश्न विचारावा. पेरूमध्यें त्याचें उत्तर बहुधा मागच्या डोंगराकडे किंवा समुद्राकडे बोट दाखवून मिळेल.