प्राचीन इतिहास शिकवताना : वसाहतोत्तर दृष्टीबद्दलचे गैरसमज

गैरसमज : वसाहतोत्तर दृष्टी म्हणजे इंग्रजांचं लेखन बाद करायचं आणि पूर्वजांचे गोडवे गायचे.

जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपी उलगडली. त्या कामावाचून कार्ल्याचे शिलालेख आपल्याला मुकेच राहिले असते. बाद करायची आहे ती चौकट. जेम्स मिल भारतात कधी आलाच नाही, तरी १८१७ च्या त्याच्या ग्रंथामुळे हिंदू, मुस्लिम आणि ब्रिटिश असे कालखंड रूढ झाले. ‘प्राचीन म्हणजे हिंदू’ हे समीकरण अजून वर्गात ऐकू येतं. मग बौद्ध लेणी कुठे बसवायची?

गैरसमज : हे परदेशी विद्यापीठांचं खूळ आहे.

एडवर्ड सैद यांचं ‘ओरिएंटॅलिझम’ १९७८ चं. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची, आणि ती अर्पण केली आहे अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. आर्य बाहेरून आले, हे मत युरोपीय अभ्यासकांचं. फुल्यांनी ते ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्ध वापरलं. पुढे १९०३ मध्ये टिळकांनी त्याच आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ शोधलं, ते वेदांची प्राचीनता सांगण्यासाठी. एकाच शहरातली दोन माणसं, एकच आयात कल्पना, दोन टोकांचे उपयोग! पुण्यातल्या शिक्षकाला याहून चांगला धडा मिळणार नाही. दोन्ही मतं आजचा पुरावा म्हणून शिकवायची नाहीत. भूतकाळाची ही मांडणी कोणाच्या बाजूने उभी राहते, हे मुलांना विचारायचं.

गैरसमज : सर्वसमावेशक म्हणजे धड्याखाली ‘स्त्रिया व वंचित’ अशी चौकट जोडणं.

पुरावाच बदलून पाहा. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ दरम्यान शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेलं ते शेतकऱ्यांचं गाव. राजाचं नाव नाही, लिपी नाही. सातू पिकवणारी ही माणसं दगावलेली मुलं मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरत. घर, अन्न आणि दुःख एवढ्यावर अख्खा तास होतो.

कार्ल्याच्या चैत्यगृहातले दानलेखही असेच. धेनुकाकट गावचा सिंहदत्त नावाचा अत्तरविक्या, सामी सुतार, स्वतःला यवन म्हणवणारे दाते, महादेवणक गृहस्थाची आई भायिला. लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की लेणी जवळच आहेत. सहलीत मुलांना आधी ही नावं वाचून दाखवावीत, सातवाहनांची वंशावळ नंतर.